केळीची बाग तपकिरी का झाली?

मावसबहिणीच्या बायोडेटासाठी फोटो काढायचा होता. चोपडा तालुक्यात, तापीकाठी तिचं गाव. घराला लागूनच केळीची बाग असल्यामुळे बॅकग्राउंड शोधत फिरायची गरज नव्हती. फेब्रुवारीतली सकाळ होती. मी फोनवर पंधरा-वीस फोटो काढले, ओट्यावर बसून त्यातला एक निवडला, एडिटिंगच्या ॲपमध्ये उघडला आणि तिथं आधीपासून भरून ठेवलेल्या प्रीसेटांच्या रांगेतल्या एकावर बोट ठेवलं. अर्ध्या सेकंदात बाग तपकिरी-करडी झाली, पानांमागच्या आभाळाला निळसर-हिरवी झाक आली आणि बहिणीचा चेहरा दोन पायऱ्या उजळून पुढं आला. सगळ्यांना फोटो आवडला. आजीला दाखवला तेव्हा तिनं फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "हाई कोन शे?"

सगळे हसले, मीही हसलो. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्यामुळे दोष तिच्या डोळ्यांवर ढकलणं सोपं होतं.

तीन आठवड्यांनी धुळ्याहून पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आत्यानं पर्समधून फोन काढला, फोटो पाहिला, समोर बसलेल्या मुलीकडं पाहिलं, परत फोटोकडं पाहिलं. "फोटोत उजळ वाटते, नाही?" एवढंच म्हणाल्या, तेही शेजारच्या बाईंना. पुढं नकार आला, कारण पत्रिकेचं सांगितलं. तो फोटोमुळे आला की कशामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण त्या आत्याबाईंची मान वर-खाली होत होती तेव्हा माझी बहीण कुठं बघत होती, ते मी पाहिलंय. त्या रात्री मी ॲपमधले प्रीसेट काढून टाकायला बसलो. मी स्वतः डाउनलोड केलेले निघाले. ॲपसोबत आलेले निघेनात. त्यांच्यापुढं 'डिलीट' असा पर्यायच नव्हता, होता तो 'लपवा'.

तेव्हापासून या न निघणाऱ्या गोष्टीवर विचार करतोय. चित्रपटाचं, कवितेचं, वेबसिरीजचं परीक्षण आपण लिहितो. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या रोजच्या पाहण्यातली सगळ्यात जास्त खपलेली कलाकृती म्हणजे प्रीसेट, आणि तिचं परीक्षण कुणी करत नाही. ती कलाकृती आहे असं कुणाला वाटतच नाही. ते बटण असतं.

प्रीसेट मुळात असतो काय? लाइटरूमचा प्रीसेट २०१८पासून एक्सएमपी नावाच्या फाइलमध्ये साठवला जातो. ती साधी अक्षरांची फाइल आहे, कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्येही उघडते. आत एकही चित्र नाही. नुसत्या ओळी: एक्स्पोजर इतकं, कॉन्ट्रास्ट इतका, हिरव्याचं सॅच्युरेशन उणे इतकं, नारिंगीची चमक अधिक इतकी. कुणीतरी कुठंतरी एका विशिष्ट फोटोसमोर बसून हे स्लायडर सरकवले, ते त्याला किंवा तिला बरे वाटले, आणि ते आकडे जतन झाले. तो मूळ फोटो आपण कधी पाहत नाही. त्यात ऊन कसं होतं, झाडं कसली होती, माणूस कुठल्या वर्णाचा होता, यातलं काही फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. एका प्रश्नाचं उत्तर आपल्याला मिळालंय, प्रश्न गाळून.

शाळेत आपण गाइडातून निबंध पाठ करायचो ते आठवतं का? 'पावसाळ्यातील एक दिवस' म्हटलं की मोर नाचायलाच हवा, इंद्रधनुष्य यायलाच हवं, आणि शेवटी आईच्या हातची गरमागरम भजी. जळगावच्या पोरानं उभ्या आयुष्यात पावसात नाचणारा मोर पाहिलेला नसायचा. त्यानं पाहिलेलं असायचं ते असं की पहिल्या पावसानंतर काळी माती चपलेला इतकी चिकटते की चप्पल हातात घेऊन चालावं लागतं. ते निबंधात कधी येत नसे, कारण त्याचे मार्क मिळत नसत. प्रीसेटचं काम तेच. तो खोटं बोलतो अशी माझी तक्रार नाही, निबंधातला मोरही खराच पक्षी आहे. तक्रार एवढीच की चपलेची माती कापून टाकल्याशिवाय त्याला पुढं जाता येत नाही.

आणि या कलाकृतींची नावं वाचा. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१०मध्ये आलं. त्याच्या जुन्या फिल्टरांत नॅशव्हिल होतं, व्हॅलेन्सिया होतं, हडसन होतं. म्हणजे गावं, शहरं, नद्या. लाइटरूमच्या तयार गटांत सिनेमॅटिक आहे, व्हिंटेज आहे, फ्युचरिस्टिक आहे, ट्रॅव्हल आहे. ट्रॅव्हलपाशी मी नेहमी अडखळतो. कुणाचा प्रवास? मी घराच्या मागच्या दारी उभा राहून केळीचा फोटो काढतो तेव्हा मी प्रवासात नसतो. माझं घर कुणा दुसऱ्याच्या सहलीसारखं दिसावं, अशी सोय त्या बटणात आहे. जळगाव नावाचा फिल्टर असता तर तो कसा असता, असा खेळ आम्ही मित्र खेळतो. एकमत असं की आभाळ पूर्ण पांढरं, सावली नुसती पायाखाली, आणि फोटोभर धुळीचा एक पापुद्रा. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो तेव्हा दुपारी बारा वाजता जगात रंगच उरत नाहीत. हा फिल्टर कुणी डाउनलोड करणार नाही. धुळेवाल्यांचं म्हणणं, आम्हाला तर फिल्टरची गरजच नाही, आमच्या नावातच आहे.

आता त्या तपकिरी बागेकडं येऊ. हिरवा मारायचा आणि नारिंगी उचलायचा, ही चाल सध्याच्या निम्म्याअधिक 'मूडी' आणि 'सिनेमॅटिक' प्रीसेटांचा पाया आहे. माणसाची त्वचा, मग ती कुठल्याही वर्णाची असो, रंगचक्रावर नारिंगीच्या आसपास पडते. म्हणून नारिंगी उजळला की चेहरा पुढं येतो आणि हिरवा दाबला की मागचं सगळं गप्प बसतं. या चालीचा एक मोठा पूर्वज सापडतो. कोएन बंधूंचा 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' हा चित्रपट २००० साली आला. संपूर्ण चित्रपटाचे रंग डिजिटल पद्धतीनं बदलण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत तो मोडतो. चित्रण झालं मिसिसिपीच्या भर उन्हाळ्यात, आणि तिथला उन्हाळा हिरवागार असतो. गोष्ट होती १९३०च्या दशकातल्या मंदीची, धुळीची, भुकेची. म्हणून छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी तो हिरवा काढून झाडं-शेतं सुकलेल्या गवतासारखी पिवळी-तपकिरी केली. तिथं तो निर्णय होता. त्यामागं कथा होती, काळ होता, रंगतंत्रज्ञांसोबत घालवलेले आठवडे होते. तोच निर्णय पंचवीस वर्षांत झिजत झिजत एका बटणात उतरला आणि चोपडा तालुक्यातल्या पाणी पाजलेल्या बागेवर पडला. मिसिसिपीत हिरवा जाणं म्हणजे दुष्काळ होता. आमच्याकडं केळीचं पान तपकिरी दिसलं की शेतकरी आधी करपा आलाय का बघतो. मामांनी तो फोटो पाहून खरंच विचारलं होतं, "बाग कुणाची? औषध मारलं नाही का?" तेव्हा मला तो विनोद वाटला होता. ती या फोटोची पहिली समीक्षा होती.

यातली गंमत अशी की कॅमेऱ्याचा सेन्सर मुळात हिरव्याचा पक्षपाती आहे. ब्राइस बायर या कोडॅकमधल्या शास्त्रज्ञाला १९७६ साली ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तीच रचना आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आणि फोनांत आहे. सेन्सरवर बारीक रंगीत चौकोनांची जाळी असते आणि चारातले दोन चौकोन हिरवे असतात, एक लाल, एक निळा. आपल्या डोळ्याला प्रकाशातले बारकावे हिरव्याच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त कळतात म्हणून ही व्यवस्था. म्हणजे फोन आधी बागेतला हिरवा दुप्पट काळजीनं गोळा करतो आणि मग प्रीसेट तो फेकून देतो.

चेहऱ्याचं प्रकरण अधिक जुनं आहे, आणि तिथं फक्त सॉफ्टवेअरला धरून चालणार नाही. रंगीत फिल्मच्या जमान्यात लॅबमध्ये रंग जुळवायला एक नमुना फोटो वापरत, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. कोडॅकमधल्या शर्ली नावाच्या एका मॉडेलवरून ते नाव पडलं. पुढं कार्डावरच्या बाया बदलत गेल्या, नाव तेच राहिलं, आणि अनेक दशकं त्या बाया गोऱ्याच होत्या. तिची त्वचा बरोबर आली की प्रिंट बरोबर. लॉर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासक बाईंनी २००९मध्ये यावर जो निबंध लिहिला, त्यातला एक तपशील विसरता येत नाही. गडद छटा नीट पकडणारी फिल्म बनवण्यासाठी कोडॅकवर जो दबाव आला, त्यात लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता. माणसांची तक्रार पुरेशी ठरली नव्हती.

आणि आपल्याकडं? आपल्या फोटो स्टुडिओंत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग घालवणं हे शिकवलं जाणारं कौशल्य होतं. कृष्णधवल फोटोवर हातानं रंग भरताना चेहरा उजळ करायचा, हे सांगावंही लागत नसे. बायोडेटात 'वर्ण' हा रकाना आहे, त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ अशी पायरी आहे आणि 'सावळा' लिहिताना पेन थांबतं. आमच्या बोलीत 'ळ' टिकत नाही, हळदीची हयद होते, केळीची केयी होते, काळीची कायी होते. शब्द मऊ होतो, रकाना तेवढाच कडक राहतो. जून २०२०मध्ये शादी डॉट कॉमनं स्थळं शोधतानाचा वर्णाचा फिल्टर काढून टाकला. परदेशातल्या भारतीय वापरकर्त्यांनी त्यासाठी मोहीम चालवली होती. कंपनीचं म्हणणं असं होतं की तो फिल्टर काही कामच करत नव्हता, काढायचा राहून गेला होता. मला हे उत्तर भयंकर खरं वाटतं. काही काम न करणारी, काढायची राहून गेलेली आणि तरी प्रत्येकाला दिसणारी गोष्ट. आपल्या घरांत अशा कितीतरी आहेत.

मोठ्या कंपन्यांनी काहीच केलं नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये गूगलनं जाहीर केलं की त्यांच्या पिक्सेल फोनांच्या सेल्फीत चेहरा गुळगुळीत करणारी सोय यापुढं आपोआप चालू नसेल, आणि तिला 'ब्यूटी' असं नावही देणार नाही. लाइटरूममध्ये २०२१ साली पोर्ट्रेटचे प्रीसेट गडद, मध्यम आणि उजळ त्वचेसाठी वेगवेगळे आले. एका आकड्यात सगळे चेहरे बसत नाहीत, ही निदान कबुली आहे. पण वापरणारा मी होतो. समोर तीन गट होते आणि बहिणीच्या फोटोवर मी कुठला लावला, हे तुम्ही ओळखलं असेलच.

त्या रात्री 'लपवा' दाबताना मला अजिंठा आठवला. जळगावहून साठेक किलोमीटर. जिल्हा दुसरा असला तरी आम्ही खानदेशी लोक ती लेणी आपलीच धरतो, शाळेची पहिली सहल तिथंच जाते. आणि एकदा लावलेला थर निघत नाही म्हणजे काय, हे तिथल्या भिंतींइतकं दुसरं कुणी सांगू शकत नाही.

१८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीनं रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यावर अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायचं काम सोपवलं. गिल तिथं आला आणि उरलेलं आयुष्य तिथल्याच परिसरात राहिला. वर्षानुवर्षं रंगवलेल्या त्याच्या तैलचित्रांतली बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६च्या डिसेंबरात जळून गेली. मधल्या काळात तो कॅमेरा शिकला होता. १८६४मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी लेण्यांवरचं जे पुस्तक काढलं, त्यात गिलनं काढलेले चौऱ्याहत्तर फोटो आहेत. १८७९मध्ये तो वारला. कबर भुसावळला आहे. पारो आणि गिलच्या प्रेमकथेवर आपल्याकडं काव्य आहे, सिनेमा आहे. खानदेशात दफन झालेला एक फार सुरुवातीचा फोटोग्राफर म्हणून त्याची आठवण कुणी काढत नाही.

गिलनंतर मुंबईच्या कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून तिथं नकला करू लागले. चित्रं धुळीनं, धुरानं मंद झालेली. रंग नीट दिसावेत म्हणून भिंतीवर व्हार्निश फिरवलं गेलं. ओला थर बसला की खालचे रंग एकदम जिवंत होतात, दगडावर पाणी टाकल्यासारखे. काम सोपं होतं. नंतर लेणी निजामाच्या ताब्यात असताना १९२०च्या सुमारास लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं गेलं. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला, आणि ते काम मोलाचंच होतं. सोबत चित्रांवर लाखेचा, म्हणजे शेलॅकचा थर दिला, रंग टिकावेत म्हणून. शेलॅक काळ जाईल तसं पिवळं, मग तपकिरी होतं, त्याला तडे जातात, खाली धूळ अडकून राहते. अजिंठ्याच्या चित्रांत निळा आहे, अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दी दगडाचा. पिवळ्या थराखाली निळा हिरवट दिसतो आणि पांढरा मेणासारखा. म्हणजे कॅलेंडरांवर, टपाल तिकिटांवर, आपल्या पाठ्यपुस्तकांत जो सोनेरी-तपकिरी 'अजिंठा रंग' आपण पाहिला, त्यात चित्रकार किती आणि इटालियन लाख किती, हे वेगळं करून सांगणं अवघड आहे. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. एकाला चित्र नीट दिसायला हवं होतं, दुसऱ्याला ते टिकायला हवं होतं. मलाही बहीण नीट दिसायलाच हवी होती.

तो थर काढण्याचं काम पुढं पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांवर आलं. विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी नऊ आणि दहा क्रमांकाच्या लेण्यांत, म्हणजे सगळ्यात जुन्या चित्रांवर, हे काम झालं आणि काजळी-लाखेखालून दोन हजार वर्षांपूर्वीचे चेहरे वर आले. हे 'अनडू' दाबण्यासारखं नसतं. अजिंठ्याची चित्रं कोरड्या गिलाव्यावरची आहेत. मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, वनस्पतींचे तंतू, वर पातळ पांढरा थर आणि त्यावर रंग. लाख विरघळवणारं द्रावण जरा जास्त झालं तर लाखेसोबत रंगही सुटून येतो. म्हणून कापसाचा बोळा, बोटाच्या पेराएवढी जागा, थांबा, बघा, मग पुढची जागा. आणि प्रत्येक जागी एकच प्रश्न: आता जे दिसतंय ते चित्र आहे, की अजून थरच आहे?

मागच्या वेळी मी पहिल्या लेण्यात गेलो तेव्हा पद्मपाणीसमोर तीस-चाळीस फोन उंचावलेले होते. फ्लॅशला बंदी आहे, आत मंद दिवे आहेत. फोनांनी नाइट मोड आपोआप चालू केला. माझ्या शेजारच्या मुलानं काढलेला फोटो मी त्याच्या खांद्यावरून पाहिला. भिंतीवर जे अंधारात अर्धंमुर्धं होतं ते स्क्रीनवर झगझगीत होतं, कडा धारदार, त्वचा गुळगुळीत. दीड हजार वर्षांचा तडा फोननं नॉइज समजून पुसला होता. बेनॉय बहल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला याच अंधारात, फ्लॅश न वापरता, मंद प्रकाशातच धीरानं एकेक फोटो काढला. त्यांच्या फोटोंत अंधार शिल्लक आहे. त्या मुलाच्या फोटोत नव्हता. त्यानं तो लगेच स्टेटसला टाकला, आणि खरं सांगायचं तर छान दिसत होता.

इथं कुणीतरी म्हणेल, आणि म्हणावंच, की ही चैन तुला परवडते. आमच्याकडं लग्नसराईत फोटोग्राफर पोरं एका लग्नाचे दोन-तीन हजार फोटो काढतात. साखरपुडा, हळद, लग्न, वरात. अल्बम महिन्यात हवा, रील्स त्याच रात्री हव्यात. गिऱ्हाईक पैशाची घासाघीस करतं आणि वर इन्स्टावरचा एखाद्या राजस्थानी महालातल्या लग्नाचा फोटो दाखवून म्हणतं, भाऊ, असा लुक पाहिजे. त्या पोरानं प्रत्येक फोटो हातानं करायचा? प्रीसेट त्याच्यासाठी टेम्पोसारखा आहे, माल पोचवायचं साधन. यूट्यूबवरच्या हिंदी व्हिडिओखालच्या लिंकवरून फुकट डीएनजी फाइल घेऊन त्यातून प्रीसेट जतन करून तो धंदा शिकलाय. त्याच्या हातून ते काढून घ्या असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

मी म्हणत नाही. पण त्याच्या कामात एक जागा आहे जिथं हा टेम्पो हमखास घसरतो: हळद. पिवळा आणि नारिंगी प्रीसेटच्या हिशोबात इतके शेजारी असतात की त्वचेसाठी केलेली करणी हळदीवर सांडते. पिवळा दाबला तर हळद लागलेली नवरी आजारी दिसते, उचलला तर अंगावर प्लास्टिक ओतल्यासारखी. ज्या विधीत त्वचेचा रंग मुद्दाम, सगळ्यांदेखत, गाणी म्हणत बदलला जातो, तोच विधी या आकड्यांना पेलत नाही. ओळखीचा एक फोटोग्राफर हळदीच्या फोटोंसाठी सगळे प्रीसेट बंद करतो. तत्त्वबित्त्व काही नाही. म्हणाला, "हळद चुकली की नवरीची आई पैसे कापते." समीक्षक असावा तर असा.

तर, काढायचे कसे, हेही सांगून टाकतो, कारण लेख वाचून तेवढं तरी हाती लागावं. फोनवरच्या लाइटरूममध्ये प्रीसेट उघडा, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'मॅनेज प्रीसेट्स' आहे, तिथं एकेक गट बंद करता येतो. कॉम्प्युटरवरच्या क्लासिकमध्ये प्रीसेटच्या पट्टीवरच्या अधिक चिन्हात हीच यादी मिळते, खूण काढली की गट दिसेनासा होतो. स्वतः आणलेले खरोखर पुसता येतात. सोबत आलेले फक्त लपतात. फोनच्या कॅमेऱ्यातलं सौंदर्यप्रकरण सेटिंगमध्ये जाऊन शून्यावर आणावं लागतं, आणि काही फोनांत प्रत्येक मोडसाठी वेगवेगळं.

हे सगळं केल्यावर खाली काय उरतं? मला वाटलं होतं की खरा फोटो उरेल. तसं होत नाही. रॉ फाइल उघडली तरी सॉफ्टवेअर तिला एक प्रोफाइल लावूनच दाखवतं. लाइटरूममध्ये २०१८पासून 'ॲडोबी कलर' नावाचं प्रोफाइल ठरलेलं आहे, त्याआधी दुसरं होतं. बायरच्या जाळीतून रंग बांधून काढणं हाच मुळात एक अंदाज आहे. लाखेचा थर काढला तरी खाली गिलावा कुणीतरी लावलेलाच असतो.

हे मला समजलं ते बहिणीच्याच फोटोवर. नकारानंतर दोनेक महिन्यांनी तिनं मला मूळ फोटो मागितला, 'काही न केलेला'. मी प्रीसेट काढून पाठवला आणि तिचा फोन आला, "अरे, मी हिरवी दिसतेय." ती खरंच हिरवी दिसत होती. केळीची पानं मोठी, त्यांतून गाळून आलेलं ऊन हिरवं, ते तिच्या गालावर पडलेलं. बागेत उभं असताना आपला डोळा ते आपोआप वजा करतो, फोन करत नाही. म्हणजे काही न केलेला फोटोही तिचा नव्हताच.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. या वेळी ती शेजारी बसली. फोन तिच्या हातात, स्लायडर माझ्या बोटाखाली. आधी व्हाइट बॅलन्स किंचित गुलाबीकडं, गालावरचा हिरवा निघेपर्यंत. बाग हिरवीच ठेवली. डोळ्यांखालची सावली थोडी उचलली. तिनं सांगितलं, कपाळावरचा व्रण राहू दे, लहानपणी गोठ्यात पडले होते त्याचा आहे. मी सवयीनं एक्स्पोजर वर नेऊ लागलो, चेहरा उजळू लागला. तिनं माझं बोट धरलं आणि मागं ओढलं, जिथून सुरुवात केली होती त्याच्या जरासं पुढं आणून सोडलं.

"बस," ती म्हणाली. "आते ऱ्हाऊ दे."

आजी दारात बसली होती. एव्हाना तिचं ऑपरेशन झालं होतं, हिरव्या काचांचा चष्मा लावून ती आमच्याकडंच बघत होती.